मागील चाकांचे डिस्क पॅड घरी बदलताना : इंदूरच्या वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या मोटारीला मागील चाकांवरही डिस्क ब्रेक आहेत आणि ज्यांना पाना व जॅक हाताळण्याची थोडी सवय आहे, अशा वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. मापे आणि बोल्ट आवळण्याचे आकडे गाडीगणिक बदलतात. खाली दिलेला आकडा आणि आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकडा यांत फरक आढळल्यास पुस्तिकाच प्रमाण मानावी.

माझ्या गाडीला मागे पॅड आहेत की शू, हे कसे ओळखावे?

आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमच्या आत अर्धगोलाकार शू असतात, ते बदलण्याची रीत निराळी आहे आणि तिचा विचार येथे केलेला नाही. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्चच्या उजेडात चकचकीत सपाट तबकडी आणि तिच्या कडेवर बसलेला कॅलिपर, म्हणजे दोन पॅड तबकडीवर दाबणारा चिमट्यासारखा भाग, दिसला, तर तो डिस्क ब्रेक. चहूबाजूंनी बंद असा लोखंडी डबा दिसला, तर ड्रम. स्कोडा ऑक्टेव्हिया, महिंद्रा एक्सयूव्ही ५००, जीप कंपास या गाड्यांना चारही चाकांवर डिस्क आहेत. मात्र एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकाराला मागे ड्रम आणि महागड्या प्रकाराला डिस्क, असेही पुष्कळदा असते. म्हणून शेजाऱ्यांच्या त्याच नावाच्या गाडीवरून सामान ठरवू नये.

पॅड झिजल्याचे कशावरून कळते?

नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर साधारण १० मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की नवे पॅड आणून ठेवावेत आणि २ मिलिमीटरच्या खाली गाडी चालवू नये. ही जाडी मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. पुष्कळ पॅडना एक लहानशी पोलादी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून बारीक किंचाळल्यासारखा आवाज करते. काही गाड्यांत त्याऐवजी तारेचा सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. परंतु अशी सोय अनेकदा दोनपैकी एकाच पॅडवर असते आणि नेमका दुसराच पॅड आधी संपू शकतो, म्हणून डोळ्यांनी पाहणे टळत नाही. चाकाबाहेरून जो पॅड दिसतो तो बाहेरचा. आतला पॅड पाहण्यासाठी चाक काढावे लागते किंवा लहान आरसा आणि टॉर्च घेऊन वाकावे लागते.

पुढच्या चाकांवर अधिक भार येतो म्हणतात. मग मागचे पॅड आधी कसे संपले?

जोरात ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झुकते, हे खरेच आहे. परंतु आधुनिक गाड्यांत ब्रेकचा दाब पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते आणि हलक्या ब्रेकमध्ये ती मागच्या चाकांकडूनही बरेच काम करवून घेते. राजवाड्याच्या किंवा पलासियाच्या गर्दीत दिवसभर जो ब्रेक लागतो, तो असाच हलका आणि सततचा असतो. त्यातच मागचे पॅड मुळात पुढच्यांपेक्षा पातळ असतात.

मात्र फरक फारच मोठा असेल, किंवा एका बाजूचे पॅड दुसऱ्या बाजूच्या कितीतरी आधी संपले असतील, तर ती झीज नव्हे, तो दोष आहे. अडकलेली गाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती), पूर्ण मागे न येणारा कॅलिपरवरील हँडब्रेकचा लिव्हर किंवा गंजलेला पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) यांपैकी काहीतरी तेथे निश्चित सापडते. तो दोष तसाच ठेवून घातलेले नवे पॅडही जुन्यांच्याच वाटेने जातात. माझ्या मते घरी काम करण्याचा खरा लाभ पैसे वाचण्यात नसून, ही तपासणी कोणी घाईने उरकत नाही, यात आहे.

ब्रेकचा दिवा लागला होता, ब्रेक ऑइल भरल्यावर तो गेला. आता पॅड बदलण्याची गरज आहे का?

बहुधा आहे. पॅड जसजसे झिजतात तसतसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा ऑइलने भरते आणि टाकीतील पातळी खाली उतरते. वरून ऑइल भरल्याने फक्त इशारा बंद होतो. पातळी उतरलेली दिसली की आधी चारही चाकांचे पॅड पाहावेत. ते जाड असतील तर गळती शोधावी.

हे काम घरी कोणी करू नये?

ज्यांच्याकडे जॅकव्यतिरिक्त भक्कम स्टँड नाहीत, ज्यांची गाडी चढउतार असलेल्या जागेवर उभी असते आणि ज्यांना दुसऱ्याच दिवशी सकाळी लांबच्या प्रवासाला निघायचे आहे, त्यांनी करू नये. अनोळखी काम असल्यास पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि एखादी पिन अडकली किंवा बोल्टचे डोके घसरले तर गाडी तशीच उभी ठेवून मेकॅनिकला घरी बोलावण्याची तयारी असावी. हमीच्या मुदतीतील गाडी असेल तर हमीच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

गाडी कुठे आणि कशी उचलावी?

फक्त सपाट, पक्क्या सिमेंटच्या जमिनीवर. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोकळ्या प्लॉटवर जॅकचा पाया तिच्यात केव्हा तिरका होईल, याचा भरवसा नाही. नव्या वसाहतींतील पोर्चलाही पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो नजरेला जाणवत नाही. जमिनीवर थोडे पाणी ओतून पाहिले की उतार किती आणि कोणीकडे आहे ते समजते.

मागची बाजू उचलायची असल्याने पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावावेत आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असल्यास पार्किंगमध्ये ठेवावी. हँडब्रेक मात्र सोडलेला असला पाहिजे, नाहीतर मागचा कॅलिपर निघणारच नाही. म्हणूनच गुटक्यांना येथे एरवीपेक्षा अधिक महत्त्व आहे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि ती स्टँडवर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला घोडी म्हणतात तिच्यावर, टेकवावी. गाडीसोबत येणारा जॅक केवळ पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर कोणीही गाडीखाली हात किंवा डोके घालू नये, आणि विटांचा आधार तर मुळीच घेऊ नये. वीट वाकत नाही, ती एकदम फुटते.

कोणती हत्यारे लागतात?

चाकपाना, योग्य मापाचे सॉकेट व ॲलन पाने, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता येतो असा), तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस, कॅलिपर टांगण्यासाठी जाड तार, हातमोजे, मास्क आणि पिस्टन फिरवून आत घालण्याचे हत्यार. यांपैकी शेवटचे हत्यार बहुतेकांकडे नसते, आणि बहुतेकांचे काम अडते तेही तेथेच.

पॅड विकत घेताना काय पाहावे?

मॉडेलचे नाव आणि वर्ष पुरेसे नसते, कारण एकाच वर्षात दोन वेगळ्या बनावटीचे कॅलिपर वापरलेले असू शकतात. दुकानदाराला सतरा अक्षर-अंकांचा चेसिस क्रमांक द्यावा. आणलेले पॅड जुन्यांशेजारी ठेवून लोखंडी पट्टीचा आकार, दोन्ही टोकांचे कान, सेन्सरची जागा आणि आतल्या पॅडमागे उंचवटा असल्यास त्याची जागा ताडून पाहावी. पॅड नेहमी एका धुरीचे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे चारही एकदम बदलावेत; एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढली जाते. नामांकित पॅडच्या नकला बाजारात येत असल्याने पक्के बिल घ्यावे. फारच स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा धोका असतो, तेव्हा खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे छापलेले आहे का तेही पाहावे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम कसा असतो?

आधी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू न उघडता ठेवली की कोणती क्लिप कशी बसली होती ते पाहायला नमुना राहतो. ब्रेक ऑइलची टाकी ‘मॅक्स’ खुणेपर्यंत भरलेली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे, कारण पिस्टन आत गेला की पातळी वर चढते आणि सांडलेले ऑइल गाडीचा रंग खाते.

चाक काढल्यावर कॅलिपर व आजूबाजूचा भाग ब्रेक क्लीनरने ओला करून घ्यावा. काळी भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, तोंडाने फुंकू नये आणि कोरडी झाडूही नये. मग कॅलिपरचे दोन गाइड बोल्ट सोडवावेत. बोल्टबरोबर पिनही फिरू लागल्यास ती पातळ पान्याने धरावी लागते. सुटलेला कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगावा. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतल्या आत फाटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

जुने पॅड काढून ते ज्या जागेत बसतात तेथील गंज तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा, नव्या क्लिपा बसवाव्यात, पिस्टन आत घालावा, नवे पॅड हाताच्या जोराने सरकतील असे बसवावेत आणि कॅलिपर पुन्हा लावावा. पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर जागा साफ झालेली नाही किंवा पॅड चुकीचा आहे. गाइड बोल्टांचा टॉर्क बहुतेक प्रवासी गाड्यांत साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर असतो. काही कंपन्या हे बोल्ट प्रत्येक वेळी नवेच घालायला सांगतात. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत आणि अखेरचा टॉर्क गाडी जमिनीवर टेकवल्यावर द्यावा.

पिस्टन दाबूनही आत जात नाही. काय चुकते आहे?

पुढच्या चाकांचा पिस्टन क्लॅम्पने सरळ आत दाबता येतो, म्हणून मागेही तसेच करण्याचा मोह होतो. परंतु ज्या गाड्यांत केबलचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरलाच जोडलेला असतो, त्यांत पिस्टनच्या आत एक आटे असलेला दांडा असतो. पॅड झिजले की पिस्टन त्या दांड्याच्या आधाराने हळूहळू बाहेर येत जातो आणि हँडब्रेकचा ताण आपोआप जुळलेला राहतो. असा पिस्टन फिरवतच आत न्यावा लागतो. क्लॅम्पने जोर लावला तर तो आत जात नाहीच, उलट ही जुळवणारी यंत्रणा मोडते आणि दोनशे-चारशे रुपयांच्या हत्याराच्या जागी संपूर्ण कॅलिपरचा खर्च येतो.

पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात, त्यांत हत्याराचे दात अडकवून आत दाब देत फिरवायचे असते. दिशा बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते. काही गाड्यांत एका बाजूची उलट असते. फिरवताना धुळीपासून रक्षण करणारा रबरी बूट पिळवटला जात नाही ना, हे पाहत राहावे. पिस्टन पूर्ण आत गेल्यावर त्याच्या खाचा अशा जागी थांबवाव्यात की आतल्या पॅडमागचा उंचवटा त्यांत बसेल. तो खाचेत न बसता पिस्टनच्या कडेवर टेकला, तर पॅड तिरका राहतो आणि काही आठवड्यांत एका कडेने झिजून जातो.

योग्य दिशेने, योग्य हत्याराने आणि हँडब्रेक सोडलेला असूनही पिस्टन फिरत नसेल, तर तो गंजलेला आहे. तेथे अधिक ताकद लावू नये, कॅलिपरच दुरुस्त करावा किंवा बदलावा. काही गाड्यांत मात्र हँडब्रेकसाठी डिस्कच्या मध्यभागी वेगळा छोटा ड्रम असतो. त्यांचा मागचा पिस्टन सरळ दाबूनच आत जातो.

माझ्या गाडीला हँडब्रेकचा दांडाच नाही, बटण आहे.

त्या गाड्यांत कॅलिपरवर बहुधा छोटी मोटर असते. गाडीला आधी दुरुस्तीच्या अवस्थेत नेऊन ती मोटर मागे घ्यावी लागते. काही गाड्यांत हे पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने होते, इतरांत स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र, जोडावा लागतो. त्यानंतरच पिस्टन सरळ दाबायचा असतो. मोटर मागे न घेता दाब दिल्यास तिचे दाते तुटू शकतात. कॅलिपर उघडा असताना कोणी ते बटण दाबले तर बोटही चिरडू शकते. म्हणून किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. स्कॅनर नसेल तर हे काम सरळ गॅरेजकडे द्यावे.

आतला पॅड पूर्ण संपला आणि बाहेरचा जवळजवळ नवा आहे. हे चालण्यासारखे आहे का?

नाही. अशा सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्या प्रतिक्रियेने कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही. दोन्ही पिना बाहेर काढून पुसाव्यात, गंजाचे खड्डे पडले असल्यास बदलाव्यात, फाटलेले रबरी बूट बदलावेत आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून त्या बोटांच्या जोराने आत-बाहेर होतात ना ते पाहावे. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते, ते येथे चालत नाही.

दोन्ही पॅड सारखेच पण फार लवकर झिजले असतील तर केबलकडे वळावे. हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरवरील लिव्हर आपल्या अडसराला पूर्ण टेकला पाहिजे. पावसाळ्यात केबलच्या आवरणात पाणी शिरून ती गंजते आणि लिव्हर किंचित ओढलेला राहतो. गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअर आणि गुटके यांवर ती ठेवावी. पावसाळ्यात पॅड डिस्कला चिकटण्याची तक्रार त्यानेच टळते.

डिस्कही बदलावी का?

डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडी कोरलेली असते; मागच्या पातळ डिस्कमध्ये नवी १० आणि किमान ८ मिलिमीटर असे आकडे आढळतात. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजावे आणि काठावर उठलेला ओठ मोजमापात धरू नये. किमान मापाखाली गेलेली, तडकलेली किंवा नखाला अडेल इतक्या खोल चरांची डिस्क बदलावी, तीही दोन्ही बाजूंची. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची चिंता नको.

पॅड बदलल्यावर ब्रेकची हवा काढावी लागते का?

कोणतीही नळी सोडलेली नसेल तर लागत नाही. ऑइल मात्र हवेतील आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो : डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलसाठी प्रमाणित किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश सेल्सिअस आहे. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये.

काम झाल्यावर पेडल थेट खाली गेले. घाबरण्याचे कारण आहे का?

पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिले काही दाब रिकामेच जातात. गाडी हलवण्याआधी पेडल शांतपणे दाबत राहावे, ते टणक झाले की हँडब्रेक काही वेळा ओढून सोडावा आणि टाकीतील पातळी पाहावी. ही पायरी विसरून गाडी पोर्चमधून मागे घेतल्यास समोरच्यांच्या भिंतीवरच थांबते. पुष्कळ वेळा दाबूनही पेडल मऊ राहिले तर गाडी रस्त्यावर आणू नये.

नवे पॅड बसवल्यावर गाडी कशी चालवावी?

नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. भल्या सकाळी सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून मध्यम दाबाने १० पर्यंत यावे, थोडे अंतर ब्रेक न लावता जाऊ द्यावे आणि असे आठ-दहा वेळा करावे. मध्ये पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये. थोडा वास येणे स्वाभाविक आहे. पॅडच्या तोंडावर ग्रीस लागल्यास तो पॅड फेकूनच द्यावा.

पहिल्या फेरीनंतर दोन्ही मागच्या चाकांच्या उष्णतेची तुलना हात लांब ठेवूनच करावी, डिस्कला स्पर्श करू नये. एक चाक स्पष्टपणे अधिक तापलेले असेल तर ते घासते आहे.

याच आठवड्यात महाराष्ट्रात जायचे आहे. चालेल का?

इंदूर माळव्याच्या पठारावर असल्याने दक्षिणेकडचा प्रत्येक रस्ता विंध्य उतरतो : आग्रा-मुंबई मार्गावर मानपूरकडून धामनोदकडे जाताना गणपती घाट, खंडवा रस्त्यावर भेरूघाट, महूहून मंडलेश्वरकडे जाम दरवाजाचा उतार, आणि पुढे सेंधव्यानंतर सातपुड्यातला बिजासन घाट. असा प्रवास करण्यापूर्वी नवे पॅड शहरात काही दिवस, निदान दोनशे किलोमीटर तरी, चालवून घ्यावेत आणि चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच वेग रोखू द्यावा; पेडलवर सतत पाय ठेवल्यास नवे पॅडही तापून बोथट होतात.

जुने पॅड आणि काढलेले ऑइल कोठे टाकावे?

ऑइल नालीत ओतू नये. आपल्याकडची नाली शेवटी कान्ह किंवा सरस्वती नदीलाच मिळते. ते बंद बाटलीत भरून, वापरलेले ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. भुकटी लागलेली फडकी आणि हातमोजे पिशवीत घट्ट बांधून महापालिकेच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाकावेत. जुने पॅड मात्र लगेच टाकू नयेत. कोणता पॅड कोणत्या बाजूचा, आतला की बाहेरचा, हे त्यांच्यावर खडूने लिहून पुढच्या तपासणीपर्यंत ठेवावे, म्हणजे नव्यांची झीज त्यांच्याशी ताडून पाहता येते.